बारा रकाने, चार रूपं



वेळापुरात एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत इंग्रजी क्रियापदावर तासभर बोलायचं, हे निमंत्रणपत्रिकेत वाचून काहींनी आधीच सुस्कारा सोडला असेल. विषय रुक्ष आहे, ते मी नाकारत नाही. पण महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी माध्यमाच्या शाळेतही पहिलीपासून इंग्रजी आलं. म्हणजे दहावीला पोचेपर्यंत मूल दहा वर्षं ही भाषा शिकतं. आणि दहा वर्षांनंतरही ते 'ही वॉक' म्हणतं, 'दे वॉक्स' म्हणतं, 'डिड ही वॉक्ड' असं विचारतं. इथे अनियमित क्रियापदं मी धरलेलीच नाहीत. ज्यांना आपण 'रेग्युलर' म्हणतो, ज्यांना फक्त 'ईडी' लावायचं असतं, त्यांची ही गत. (हल्ली 'ईडी लागली' म्हटलं की भलतेच लोक दचकतात, इथे कुणी घाबरू नये.) दहा वर्षं शिकवून चार रूपं जागेवर बसत नसतील तर दोष कुणाचा? मुलांचा? शिक्षकांचा? की ज्या चौकटीतून आपण हे शिकवतो त्या चौकटीचा?

माझं उत्तर तिसरं आहे. इंग्रजीचं नियमित क्रियापद जगातल्या सोप्या क्रियापदांपैकी एक आहे. आपण ते बारा काळांच्या तक्त्यात कोंबून अवघड केलं. आणि ते पुन्हा सोपं करण्याची हत्यारं मराठी व्याकरणाच्या पेटीत शंभर-सव्वाशे वर्षं पडून आहेत. ती इंग्रजीच्या तासाला कुणी बाहेर काढत नाही. एवढंच मला आज सिद्ध करायचं आहे.

आधी मालाची मोजदाद करू. 'वॉक' या क्रियापदाची रूपं किती? वॉक, वॉक्स, वॉकिंग, वॉक्ड. संपलं. हेल्प घ्या, कॉल घ्या, वॉन्ट घ्या, चाराच्या पुढे पाचवं रूप सापडायचं नाही. आता 'चालणे' घ्या. चालतो, चालते, चालतं, चालतोस, चालतेस, चालता, चालतात. मग चाललो, चालले, चाललास, चाललीस, चालला, चालली, चाललं, चाललात, चालल्या. मग चालेन, चालशील, चालेल, चालू, चालाल, चालतील. त्यावर चाल, चाला, चालावं, चालायचा, चालणार, चालून, चालताना, आणि प्रत्येकाची लिंगवचनं. डझनांनी रूपं होतात. पाच वर्षांचं मूल ही सगळी रूपं न चुकता वापरतं. पुरुष, लिंग, वचन यांतलं काहीच त्याला कुणी शिकवलेलं नसतं. ज्या मुलाच्या जिभेवर हा पसारा लीलया नाचतो, ते मूल 'वॉक्स'मधल्या एका 'स'ला अडखळतं. हे नैसर्गिक वाटतं का तुम्हाला? ज्याला गुणाकार येतो त्याला बेरीज येऊ नये, तसं हे आहे. मूल बेरजेला अडत नसतं, बेरीज कशाची करायची हे त्याला कळलेलं नसतं.

मुळात इंग्रजीला काळ किती? आपल्याकडे कुठल्याही वर्गात विचारा, मुलं एका सुरात 'बारा' म्हणतील. वर्तमान, भूत, भविष्य हे तीन. प्रत्येकाचे साधा, चालू, पूर्ण आणि चालू-पूर्ण असे चार. तीन चोक बारा. हा हिशेब इतका गुळगुळीत आहे की त्यावर शंका घ्यायलाही संकोच वाटावा. पण 1653 साली जॉन वॉलिस या ऑक्सफर्डच्या गणितज्ञानं (अनंताचं ते आडव्या आठाचं चिन्ह रूढ केलं, तेच हे गृहस्थ) लॅटिन भाषेत इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, आणि त्यात स्वच्छ सांगितलं की क्रियापदाच्या रूपाकडे पाहिलं तर इंग्रजीला दोनच काळ आहेत. एक 'वॉक'चा आणि एक 'वॉक्ड'चा. बाकी सगळं सहायक क्रियापदांच्या जोडकामातून होतं. विसाव्या शतकातले बहुतेक मोठे व्याकरणकार फिरून याच मुक्कामाला आले. 'विल वॉक'मध्ये भविष्याचा प्रत्यय कुठे आहे? नाहीच. 'विल' नावाचं एक स्वतंत्र क्रियापद शेजारी उभं आहे आणि 'वॉक' जसंच्या तसं आहे. मराठीत 'चालेल' म्हणताना धातूलाच भविष्य चिकटतं, तसं इंग्रजीत कधीच होत नाही.

मग बारा आले कुठून? युरोपात व्याकरण म्हणजे लॅटिनचं व्याकरण, असा काही शतकं समज होता. लॅटिनला जितके काळ, तितके आपल्या भाषेलाही असलेच पाहिजेत, नसले तर भाषेची अब्रू जाते! लिंडली मरे यांच्या 1795 च्या व्याकरणात इंग्रजीला सहा काळ आहेत, लॅटिनच्या मापानं कापलेले. पुढे साधा-चालू-पूर्ण अशा अवस्थांचे रकाने पाडले गेले, आणि बाराचा तक्ता तयार झाला. भारतात तो घरोघर पोचवला रेन आणि मार्टिन यांच्या 1930 च्या दशकातल्या पुस्तकानं. यातले पी. सी. रेन हिंदुस्थानच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेले, आणि 'बो जेस्त' ही वाळवंटातल्या शिपायांची साहसकथा लिहून गाजलेले. कादंबरी मागे पडली, व्याकरण अजून खपतं. त्या पुस्तकाला नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. ज्याला इंग्रजी येतं त्याला आपल्या भाषेचा आराखडा पाहायला तो तक्ता उत्तम. पण ज्याला भाषा येतच नाही त्याच्या हाती आराखडा देऊन घरात राहायला सांगता येईल का?

इकडे मराठीचंही तेच झालं होतं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' 1836 साली आलं. दादोबांना मराठीचे पाणिनी म्हणतात, ते त्यांच्या श्रमाला शोभतंही; पण त्यांच्यापुढे नमुना होता तो इंग्रजी व्याकरणांचा. लॅटिनच्या साच्यातून इंग्रजी निघालं, इंग्रजीच्या साच्यातून मराठी निघालं. आजच्या शालेय मराठी व्याकरणात पाहा: तीन काळ, आणि प्रत्येकाचे साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती असे चार. पुन्हा बारा! आता गंमत बघा. इंग्रजीचे बारा, मराठीचे बारा; मुलाला वाटतं, रकान्यासमोर रकाना ठेवला की झालं. पहिल्या तीन ओळी वरवर जुळतातही. चौथी जुळत नाही. इंग्रजीच्या चौथ्या ओळीत 'हॅड बीन वॉकिंग' आहे, म्हणजे एखादी क्रिया अमुक वेळेपासून चाललेली होती. मराठीच्या चौथ्या ओळीत 'चालत असे' आहे, म्हणजे सवय होती, रीत होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. तरीही स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत 'चालू पूर्ण' आणि 'रीती' या दोन्ही नावांखाली एकच उदाहरण छापलेलं तुम्हाला दिसेल. हजारो मुलं ते पाठ करतात. दोन तक्ते सारखे दिसावेत म्हणून दोन भाषा सारख्या ठरवल्या गेल्या.

पण मराठी व्याकरण तिथेच थांबलं नाही, हे सांगायला मला विशेष आनंद वाटतो. 1911 साली मोरो केशव दामले यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आलं. आपल्या व्याकरणपरंपरेत एक फार शहाणी सोय आहे, आणि दामल्यांच्या ग्रंथात ती नीट मांडलेली सापडते. क्रियापदाच्या रूपाला काळाचं नाव द्यायच्या आधी त्याला त्याच्या प्रत्ययाचं नाव द्यायचं. आख्यात म्हणजे क्रियापदाचं रूप; 'चालतो' हे ताख्यात, कारण त्यात 'त' आहे. 'चालला' हे लाख्यात. 'चालेल' हे ईलाख्यात. 'चालावा' हे वाख्यात. अर्थ काय, काळ कुठला, हा प्रश्न नंतरचा. असं का करायचं? कारण रूप एक असतं आणि त्याचे अर्थ अनेक असतात. 'मी शाळेत जातो' म्हणजे रोजची गोष्ट. 'बरं, मी जातो' म्हणजे अजून निघालोही नाही. 'शिवाजीमहाराज आग्र्याला जातात आणि औरंगजेब त्यांना कैद करतो' म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीची हकिगत. रूप तेच, ताख्यात, काळ तीन. किंवा 'तो गावाला चालला आहे' हे वाक्य घ्या. लाख्यात म्हणजे भूतकाळ, असं शिकलेल्या मुलानं याचं काय करावं? माणूस तर अजून वाटेतच आहे! रूपाला अर्थाचं नाव दिलं की असा घोटाळा होतो. रूपाला रूपाचं नाव दिलं की घोटाळा उरत नाही, अर्थ वाक्यावरून कळतो.

हीच रीत इंग्रजीला लावा. इंग्रजी नियमित क्रियापदाला चार आख्यातं: साधं, 'एस'चं, 'इंग'चं आणि 'ईडी'चं. मुलाला पहिल्यांदा एवढंच शिकवा. मग सहायकांशी त्यांच्या जोड्या लावा. 'डू', 'डज', 'डिड', 'विल', 'कॅन' यांच्यामागे साधं रूप. 'बी'च्या कुळातल्या ॲम, इज, आर, वॉज, वेअर यांच्यामागे 'इंग'. 'हॅव'च्या कुळामागे 'ईडी'. झालं! बाराच्या बारा रकाने या तीन नियमांतून आपोआप निघतात. 'विल हॅव बीन वॉकिंग' हा जो राक्षस शेवटच्या रकान्यात बसलेला असतो, तोसुद्धा: 'विल'मागे साधं 'हॅव', 'हॅव'मागे 'बी'चं 'बीन', त्यामागे 'इंग'. एकही गोष्ट वेगळी पाठ करावी लागत नाही. बारा सूत्रं घोकणारं मूल अकरावं विसरलं की अडकतं. तीन जोड्या जाणणारं मूल कधीही न ऐकलेली रचना स्वतः बांधू शकतं.

आता जिथे मुलं सगळ्यात जास्त ठेचकाळतात तिथे जाऊ. 'ही वॉक्स.' नकार करा. 'ही डज नॉट वॉक.' शेपटीचा 'स' कुठे गेला? 'डज'मध्ये गेला. मुलाला हे जादूसारखं वाटतं, आणि ते 'ही डज नॉट वॉक्स' लिहून मोकळं होतं. पण थांबा. हे मराठीत होत नाही का? 'तू चालतोस.' नकार करा. 'तू चालत नाहीस.' तो 'स' कुठे गेला? 'नाही'ला जाऊन चिकटला. 'मुलं चालतात', 'मुलं चालत नाहीत': 'चालत' बोडकं राहिलं, अनेकवचन 'नाही'वर गेलं. अगदी हीच गोष्ट! एकही मराठी मूल 'तू चालतोस नाहीस' म्हणत नाही. म्हणजे शेपटी मुख्य क्रियापदावरून सुटते आणि मदतनिसाला चिकटते, हा नियम त्याच्या रक्तात आहे. इंग्रजीच्या तासाला त्याला याची आठवण कुणी करून देत नाही, एवढंच. आणि भूतकाळात ते 'डिड नॉट वॉक्ड' का म्हणतं, याचंही उत्तर इथेच आहे. 'तू चाललास'चं 'तू चालला नाहीस' होतं. पुरुषाचा 'स' हलला, पण भूतकाळाचा 'ल' जागेवरच राहिला. मूल मराठीच्या नियमानं वागलं. 'ल' राहतो तर 'ईडी' का जावं? ही चूक निष्काळजीपणाची नाही, तर्कशुद्ध आहे. तर्कशुद्ध चूक लाल शाईनं जात नसते, कारण सांगितलं की जाते.

त्या 'एस'चा आणखी एक घोळ आहे. नामाला 'एस' लावला की अनेकवचन, हे मूल आधी शिकतं: बॉय, बॉइज. मग क्रियापदालाही 'एस' म्हणजे अनेकवचनच, असं त्याच्या मनात बसतं आणि 'बॉइज वॉक्स' तयार होतं. यावर उपाय साधा आहे, तो म्हणजे क्रम बदलणं. आपण वर्तमानकाळ आधी शिकवतो, कारण तक्त्यात तो वर आहे. वास्तविक भूतकाळ आधी शिकवायला हवा. मराठी भूतकाळ काय भानगडीचा आहे, बघा तर. 'रामानं आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं.' क्रियापद कर्त्याकडे ढुंकून पाहत नाही, कर्माच्या लिंगामागे जातं. अकर्मक असेल तर पुन्हा कर्त्याकडे वळतं: राम चालला, सीता चालली. एवढा गुंता सहज सोडवणाऱ्या मुलाला सांगा की इंग्रजीत आय वॉक्ड, यू वॉक्ड, शी वॉक्ड, दे वॉक्ड, सगळ्यांना एकच रूप. कर्ता पाहू नका, कर्म पाहू नका, लिंग तर नाहीच. पहिल्याच आठवड्यात ते गोष्ट सांगू लागेल. आणि गोष्टी बहुतेक भूतकाळातच सांगितल्या जातात.

उच्चाराचं काय? आपली मुलं 'वॉकेड', 'हेल्पेड', 'वॉशेड' म्हणतात, कारण 'ईडी' ही अक्षरं त्यांना दिसतात. प्रत्यक्षात उच्चार तीन: 'वॉक्ट', 'कॉल्ड' आणि 'वॉन्टिड'. इंग्रजी पुस्तकं यासाठी लांबलचक याद्या देतात. याद्या कशाला? आपल्या वर्णमालेत हे सगळं ओळीनं मांडून ठेवलं आहे. प्रत्येक वर्गातले पहिले दोन अघोष, पुढचे तीन घोष. धातूच्या शेवटी क, च, प, फ, स, श असा अघोष आवाज आला की 'ट'. ग, ज, ब, व, ल, म, न किंवा स्वर असा घोष आवाज आला की 'ड'. आणि शेवटी ट किंवा डच असेल तर दोन सारखे आवाज एकमेकांना लागूनच बसायला नकोत म्हणून मध्ये 'इ'. 'एस'लाही तोच कायदा: 'लुक'चं 'लुक्स', 'कॉल'ला झाडातला 'झ', 'वॉच'ला 'इझ'. 'वाक्' आणि 'ईश' मिळून 'वागीश' का होतं, हे आपण संधीच्या धड्यात शिकवतोच. तिथे मागचा आवाज पुढच्याच्या रंगात रंगतो, इथे पुढचा मागच्याच्या. दिशा उलटी, तत्त्व एक. मराठीच्या शिक्षकानं सकाळच्या तासाला शिकवलेलं इंग्रजीच्या शिक्षकाला दुपारी उपयोगी पडतं, पण दोघांची वही वेगळी आणि विषय वेगळा, त्यामुळे ते तिथे पोचत नाही.

आपल्या सोलापूर जिल्ह्यापुरतं एक सांगतो. सोलापूर शहराकडे 'काय करायलास?' असं विचारतात, 'जेवायलोय' असं उत्तर येतं. इकडे माळशिरस-अकलूजच्या बाजूला 'करतूय' ऐकू येतं. 'मी शेतात काम करतो' आणि 'मी आत्ता काम करायलोय' यांत आपल्या बोलीला कधी गोंधळ होत नाही: एक रोजचं, एक या घडीचं. 'आय वर्क' आणि 'आय ॲम वर्किंग' यांत फरक काय, तर हाच. पुस्तकी मराठीतली 'मी करीत आहे' ही जड रचना कुणी बोलत नाही, म्हणून तिच्यावरून 'ॲम वर्किंग' समजावलं तर ते मुलाला परकं वाटतं. 'करायलोय'वरून समजावलं तर ते घरचं वाटेल. पण आपण काय करतो? शाळेत पाऊल टाकताच 'करायलोय' अशुद्ध ठरवतो, आणि इंग्रजी शिकवायला जे सगळ्यात नेमकं उदाहरण हाताशी होतं तेच आधी मोडीत काढतो. अक्कलकोट-मंगळवेढ्याकडे घरी कानडी बोलणारी मुलं आहेत, सोलापुरात विणकरांच्या वस्तीत तेलुगू बोलणारी आहेत. त्यांच्या घरच्या क्रियापदांकडे वर्गात कुणी कधी पाहिलं आहे का?

आता आक्षेप. पहिला आक्षेप नेहमीचा: इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावं, मध्ये मातृभाषा आणली की मूल भाषांतर करत बसतं. दुसऱ्या एका तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढ्यांना याच कारणासाठी हिणवलं गेलं. या आक्षेपात तथ्य आहे ते एवढंच की नुसत्या भाषांतरानं बोलता येत नाही. पण मातृभाषा मध्ये आणायची की नाही, हे शिक्षकाच्या हातात आहे असं समजणं भाबडेपणाचं आहे. ती वर्गात आलेलीच असते. 'डिड नॉट वॉक्ड' ही तिचीच खूण. आपण दार लावून घेतलं तरी ती खिडकीतून येते आणि चुका करून जाते. दारातून बोलावली तर निदान कामाला लावता येते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इंग्रजीतली रोजची क्रियापदं, बी, हॅव, डू, से, गो, मेक, टेक, सगळी अनियमित. वापरात सर्वांत पुढे असलेली दहा क्रियापदं काढली तर दहाही अनियमितच निघतात. मग नियमितांचा एवढा उदो उदो कशाला? कारण नियम जिवंत असतो तो नव्या शब्दांत. 1958 साली जीन बर्को या अमेरिकी संशोधिकेनं चार ते सात वर्षांच्या मुलांना बनावट क्रियापदं दिली आणि विचारलं, काल त्यानं काय केलं? बहुतेक मुलांनी अशा 'रिक'चं 'रिक्ट' केलं. हे कुणाकडून ऐकलेलं असणं शक्यच नव्हतं. नियम मुलांच्या डोक्यात होता. हीच मुलं 'वेन्ट'ऐवजी 'गोड' म्हणतात. आपली लहान मुलं 'केलं'ऐवजी 'करलं' म्हणतात आणि आपण हसतो. हसू नये, तो नियम सापडल्याचा पुरावा आहे. भाषेच्या इतिहासातही बळ नियमिताकडेच सरकतं. 'हेल्प'चं भूतकाळी रूप एकेकाळी 'होल्प' होतं, ते 'हेल्प्ट' झालं. आज इंग्रजीत जन्मणारं जवळजवळ प्रत्येक नवं क्रियापद 'ईडी' घेऊनच जन्मतं. अनियमित रूपं मोजकी आहेत, सतत कानावर पडतात आणि तशीच रुळतात. त्यांच्या याद्या पाठ करायला लावून नियमाची जागा खाऊ नये.

रूपं बदलतात, याचं नवल आपल्याला वाटायला नको. आपल्याच जिल्ह्यात, भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा मराठी लेख आहे. सोलापूरच्या आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. जो वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाची त्यात ओळ आहे, आणि 'होईल'च्या जागी 'होइवा' असं क्रियापद कोरलेलं आहे. आज असं कुणी बोलत नाही. वेळापुरात अर्धनारीनटेश्वराच्या देवळाशीही यादवकाळातले मराठी कोरीव लेख आहेत; मुलांना तिथे नेऊन फक्त क्रियापदं शोधायला लावली तरी एक तास सार्थकी लागेल.

तिसरा आक्षेप परीक्षेचा. 'काळ बदलून लिहा' असा प्रश्न येतो, तिथे नाव माहीत नसेल तर गुण कसे मिळणार? मान्य. नावं शिकवावीत, पण शेवटी, रूपं आणि जोड्या हातात बसल्यावर. तेव्हा तो तक्ता अर्ध्या तासात समजतो. आधी दिला तर दहा वर्षं समजत नाही, हे आपण करून पाहिलंच आहे. चौथा आक्षेप मी फार वेळ धरणार नाही: समोरच्याला कळलं म्हणजे झालं, 'एस' राहिला तर काय बिघडतं? अर्थाचं काही बिघडत नाही. पण मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेला माणूस त्या एका 'एस'वरून मुलाची शाळा ओळखतो, आणि त्याची किंमत गावातलं मराठी माध्यमाचं मूल मोजतं. शहरातलं, इंग्रजी माध्यमाचं मूल मोजत नाही. जी गोष्ट आठवडाभरात शिकवता येते तिच्यासाठी ही किंमत का मोजू द्यायची?

मराठीच्या आधारानं सगळंच सुटतं, असा मात्र माझा दावा नाही. एक जागा अशी आहे की तिथे मराठी आपल्याला नेमकी फसवते: 'हॅव'ची आणि 'हॅड'ची. 'पाहुणे कालच पोचलेत', हे अस्सल मराठी वाक्य. पण 'द गेस्ट्स हॅव अराइव्ड येस्टर्डे' हे इंग्रजी नव्हे. 'मी काल त्याला फोन केला होता', यात 'होता' कशासाठी आहे? काही नाही, गोष्ट थोडी मागे पडली एवढंच सुचवायला. मूल 'आय हॅड कॉल्ड हिम येस्टर्डे' म्हणतं आणि ऐकणारा इंग्रज वाट पाहत राहतो, की त्याच्यानंतर घडलेली दुसरी गोष्ट कुठली? कारण 'हॅड' दोन भूतकाळी घटनांतली आधीची दाखवतं. एकच घटना असेल तर त्याला सहसा काम नसतं. 'हॅव'ला तर कालचं, परवाचं, गेल्या वर्षीचं असं संपलेल्या वेळेचं नाव शेजारी चालतच नाही. इथे मराठीकडे बोट दाखवून भागत नाही. दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी लिहावी लागतात, फरक दाखवावा लागतो, आणि महिनाभर रोज पाच मिनिटं मुलांकडून 'काल' घालून, 'काल' काढून तीच वाक्यं म्हणवून घ्यावी लागतात: 'आय कॉल्ड हिम येस्टर्डे', 'आय हॅव कॉल्ड हिम', पुन्हा 'आय कॉल्ड हिम येस्टर्डे'. सातवीच्या वर्गात ही पाच मिनिटं काढता येतील का, हे इथे बसलेल्या शिक्षकांनीच सांगावं. त्यांच्या प्रश्नांसाठी मी थांबतो.